काळ्या दांड्यातल्या मुंग्या

१

मुंग्या एकाच तुकड्यावर होत्या.

टेबलावर एकाच नळीचे दोन तुकडे होते. दोन्ही काळे, दोन्ही मनगटाएवढे जाड, दोन्हींची तुटलेली टोकं दाढीच्या ब्रशसारखी पिंजारलेली. एकाच पोत्यातून आले होते आणि एकाच उजेडात ठेवले होते. तरी डाव्या तुकड्याकडे एकही मुंगी फिरकत नव्हती, आणि उजव्याच्या फाटलेल्या तोंडातून बारीक तांबड्या मुंग्यांची ओळ आत जात होती आणि बाहेर येत होती. कार्बनच्या धाग्यात किंवा त्याला धरून ठेवणाऱ्या रेझिनमध्ये मुंगीच्या कामाचं काहीच नसतं.

"एवढं काय बघायलाय, मॅडम?" हंबीरराव म्हणाले. "तुटलाय. आंधळ्यालाबी दिसंल."

शिरोली एमआयडीसीत माझी साहित्य तपासणीची प्रयोगशाळा आहे. आसपासच्या फाउंड्र्यांचं ओतकाम माझ्याकडे येतं. मी ते कापते, घासते, दाबते आणि काय दिसलं ते लिहून देते. हंबीररावांची फाउंड्री माझी जुनी गिऱ्हाईक. पण त्यांचा जीव फाउंड्रीत कमी आणि मागच्या शेडमध्ये जास्त. तिथं त्यांनी शर्यतीची दोन सीटांची गाडी बांधली होती. गाडीचा सांगाडा वळणावर पिळवटू नये म्हणून पुढच्या दोन्ही बाजूंना जोडणारा एक आडवा दांडा असतो. आधी तो पोलादी होता, त्यांच्या जुन्या गाडीतून काढून बसवलेला. यंदा त्याच्या जागी त्यांच्याकडे काम करणाऱ्या प्रसेनजीतनं बनवलेला कार्बनचा बसवला होता, वजनाला पोलादीच्या जेमतेम चौथा हिस्सा. दसऱ्यानंतरच्या रविवारी, गावाबाहेरच्या ट्रॅकवर, भर वळणात तो तुटला. गाडी टायरांच्या भिंतीत घुसली. चालवत होता हंबीररावांचा मुलगा यशराज. त्याचं मनगट मोडलं.

"माल खराब हुता, असं लिहून द्या," हंबीरराव म्हणाले. "प्रसेनजीतच्या खोलीचं कुलूप त्याच संध्याकाळी बदललं मी. दोन वर्षं त्याला म्हणत हुतो, दसरा झाला की भागीदारीचं बघू. बरं झालं, बघितलं न्हाई."

"मी तपासते. मग लिहिते."

"शनिवारपर्यंत. कोइमतूरची शर्यत तोंडावर आलीया."

दारात त्यांचा जुना फिटर केरबा रिकामं पोतं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "कागदाची नळी ती. पोलाद ते पोलाद."

"केरबा, या पोत्यात आधी काय होतं? गूळ?"

"कोरं हाय की पोतं. का वो?"

मी टेबलाकडे बोट केलं. केरबानं मुंग्या पाहिल्या. मग त्यानं पोत्याची घडी घातली, ती उलगडली, आणि पुन्हा घातली.

२

प्रसेनजीतचं घर पेठ वडगावात. परसात पत्र्याची एक लांबट भट्टी होती, जुन्या पिंपांचे पत्रे जोडून केलेली. त्याचे पहिले दांडे त्यानं तिथंच भाजले होते.

"सुटीवर आहात का?" मी विचारलं.

"कुलूप बदललंय. सुटीच म्हणायची."

तो बसत नव्हता. उभ्यानं बोलायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. त्याची आई बायडाबाई चहा ठेवून चुलीपाशीच थांबली होती.

"मॅडम, मला वाचवू नका. फक्त मोजा," तो म्हणाला. "माझी चूक निघाली तर तसं लिहा. पण तुमच्या सहीचा कागद निघाला की मला या धंद्यात कुणी उभं करणार नाही, एवढं ध्यानात ठेवून मोजा."

"दांडा शेवटचा कधी तपासलात?"

"नागपूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी. रुपयाच्या नाण्यानं इथून तिथपर्यंत वाजवला. सगळीकडे एकच खणखणीत आवाज. आतले पापुद्रे सुटले असले तर तिथं आवाज बद्द येतो."

धम्मदीक्षेला यंदा पन्नास वर्षं झाली होती. तो आईला घेऊन दीक्षाभूमीवर गेला होता, त्यामुळे खंडेनवमीला वर्कशॉपात नव्हता.

"परत आल्यावर पुन्हा वाजवलात?"

"नाही." तो पहिल्यांदा थांबला. "केरबानं सगळं पुसून चकचकीत ठेवलं होतं. ओरखडा नव्हता. मी गडबडीत होतो."

"पोरं काय म्हनायलीत म्हायीत हाय का, बाई?" बायडाबाई म्हणाली. "खंडेनवमीला थांबला न्हाई, हत्यारं पुजली न्हाईत, म्हणून गाडी उलथली म्हनं. ह्येच्याच डब्यातलं खाऊन वाढल्यात ती. आन् सायब ऐकून गप बसल्यात. पोरांच्या बोलन्याचं न्हाई एवढं, त्येंच्या गप बसन्याचं लागतंय."

"आई, राहू दे."

त्याचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं आणि बंद केला.

"होसूरची कंपनी," तो म्हणाला. "वर्षभर नोकरीसाठी विचारतायत. काय सांगायचं ते ठरत नाही."

"दुसऱ्याच्या भट्टीत किती दिस भाजायचं, म्हनते मी," बायडाबाई परसाकडे बघत म्हणाली.

मी निघाले तसा तो गाडीपर्यंत आला. "मॅडम, पाटी अजून आहे का तिथं?"

"कसली पाटी?"

"'कार्बनला हत्यार लावू नये.' जाताना दांड्यापाशी लावली होती. पोलादावर काही जोरात बसलं तर पोचा येतो, कळतं. कार्बन वरून जशाला तसा राहतो आणि आतून सुटतो." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "दांडा मी चांगला ठेवून गेलो होतो. म्हणजे मी नसताना त्यावर काहीतरी बसलंय. जोरात. आणि तिथं जो होता त्यानं ते सांगितलेलं नाही."

३

दुसऱ्या दिवशी शिरोलीत लाइट नव्हती. वर्कशॉपात जनरेटर धडधडत होता आणि त्या थरथरीनं फळीवरचे पाने हळूहळू कडेला सरकत होते. मी बोलत असताना माझं लक्ष सारखं त्यांच्याकडे जात होतं.

गाडी तोंड चेपून उभी होती. पाटी जागेवर होती. गाडीच्या तळाला प्रसेनजीतचे आणखी दोन दांडे होते. ते मी रुपयाच्या नाण्यानं वाजवले. पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत एकच आवाज.

केरबा जुना पोलादी दांडा चिंधीनं पुसत बसला होता.

"हा बसवायचा का आता?"

"मालक म्हनतील तवा."

"तयारी आधीच दिसतेय."

"तुम्हाला काय म्हनायचंय ते सरळ म्हना की," केरबा म्हणाला. "मी तोडला न्हाई त्यो. मला पटत नव्हता, ते मी त्येच्या तोंडावर सांगितलंय. पर गाडीत आमचं पोरगं बसतंय. त्येच्या जिवावर उठंन व्हय मी?"

मला ते पटलं. केरबा आवड-नावड लपवणारा माणूस नव्हता. म्हणूनच तो दुसरं काहीतरी लपवतोय हे लगेच दिसत होतं.

"खंडेनवमीला काय काय झालं?"

"दरसालचं. यंत्रं धुतली, झेंडूच्या माळा घातल्या. मालकांनी गाडीच्या चाकांना नि बॉनेटला हळदकुंकू लावलं. दांड्याला कुनी बोटबी लावलं न्हाई, त्येची पाटी हुती. मग मालकांनी नारळ फोडला."

"कुठं?"

"ह्यो काय, दारातल्या दगडावर. गाडीपासनं एवढ्या लांब. एकच नारळ, नि तेवीस मानसं. नखाएवढा तुकडा आला वाट्याला. मालकांनी सोताला ठेवला न्हाई."

"आणखी कुणी फोडला नारळ?"

"कोन फोडनार? मालकांनी फोडल्यावर दुसरा कोन हात लावतोय?"

"मग?"

"मग सगळी घरला गेली. मी झाडलोट केली नि दार लावलं." तो चिंधी जोरजोरात घासू लागला.

"आणि कार्बनचा दांडा पुसलात तुम्ही."

"माझं कामच हाय ते."

मी त्याच्या मांडीवरचा जुना दांडा पाहिला. निळा रंग जवळजवळ सगळीकडे शाबूत होता. फक्त मध्याच्या जरा उजवीकडे, वरच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत तो उडाला होता. पोचा मात्र नव्हता. हातोडी बसली असती तर पोचा असता. इथं पुन्हा पुन्हा आपटलेलं काहीतरी कठीण होतं, पण पोलादापेक्षा मऊ.

"हे कशानं झालं?"

"जुना हाय. लई सोसलंय त्येनं."

मी टेप काढली. उजव्या टोकापासून त्या उडालेल्या रंगापर्यंतचं अंतर घेतलं आणि मनातल्या आकड्याशी ताडून पाहिलं. पुन्हा घेतलं. कार्बनचा दांडा बरोबर तितक्याच अंतरावर तुटला होता.

४

हंबीररावांचा बंगला ताराबाई पार्कात. यशराज हात गळ्यात अडकवून पलंगावर होता आणि चांगल्या हातानं टीव्हीचं चॅनल बदलत होता. एकही दोन सेकंदांच्या वर टिकत नव्हतं.

"तुटायच्या आधी काही आवाज आला?"

"नाही. वळणात पुढचं सगळं एकदम सैल झालं. मी स्टिअरिंग धरलेलं, पण धरलंय असं वाटंना."

"प्रसेनजीतशी बोललास?"

"फोन घेत नाही मी त्याचा." चॅनल बदललं. "काय बोलू?"

"त्याची चूक आहे असं तुला वाटतं?"

"पप्पा म्हणतात."

"मी तुला विचारलं."

त्यानं रिमोट खाली ठेवला. "तीन वर्षं त्यानं बांधलेल्या गाडीत बसतोय, मॅडम. बसायच्या आधी कधी वाकून बघितलं नाही. एवढंच सांगतो."

भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता. हेल्मेट काखेत धरलेला, मिश्या असलेला माणूस एका जुन्या गाडीला टेकून उभा. बॉनेट उघडं होतं आणि आत निळा आडवा दांडा दिसत होता.

"आमचे हे, गणपतराव," मागून आवाज आला. हंबीररावांची थोरली बहीण ताटली घेऊन आली होती. तिला सगळे आक्का म्हणत, भाऊही आणि कामगारही. "आमच्या घरातली पहिली गाडी त्येंनीच पळवली. हंबीर तवा नुसता पाने द्यायला असायचा. काविळीनं गेले. गाडीनं कधी धोका दिला न्हाई त्येंना."

"आत्ती, मॅडमना काम आहे," यशराज म्हणाला.

"कामाला पोट नसतं व्हय?" तिनं ताटली माझ्यापुढे केली. नारळाच्या वड्या होत्या. "खा, पोरी. गाडीच्या नारळाच्या हायत. ह्यो ट्रॅकवर गेला तवा ह्याच बांधून दिल्यात. म्हणून तर मनगटावर भागलं."

मला खाण्याची इच्छा नव्हती. सकाळपासून तो आकडा डोक्यात फिरत होता. तिला वाईट वाटू नये म्हणून मी एक वडी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

फाटकात हंबीरराव भेटले.

"झाला का कागद?"

"नाही."

"मॅडम, शिरोलीत लॅबा काय एकच न्हाई."

"मग दुसरीकडे न्या. तुकडे उद्या देते."

त्यांनी फाटकाची कडी लावली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगं मरता मरता वाचलंय माझं. कुनाचा तरी दोष असंलच की. का उगंच झालं?"

५

शुक्रवारी लाइट दुपारपर्यंत टिकणार होती. मी सातलाच प्रयोगशाळा उघडली.

आधी प्रसेनजीतनं सांगितलं तसं मोजलं. तुटलेल्या जागेपासून लांबची एक कडी कापली आणि यंत्रात दाबली. त्यानं गाडीसाठी धरलेल्या भाराच्या दीडपट भार तिनं घेतला, मग फुटली. रेझिन पूर्ण पिकलेलं होतं. धागे जिथं हवेत तिथं होते. मालात दोष नव्हता.

मग तुटलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. करवतीची सरळ कड कुठं नव्हती. पण आत, दोन पापुद्र्यांच्या मध्ये, बारीक लाल कण अडकले होते. वरची बाजू मी इंचाइंचानं पाहिली. ती स्वच्छ पुसलेली. लाल फक्त आत होतं.

मी एक कण सुईवर काढला. कुंकू.

केरबा म्हणाला होता की दांड्याला कुणी बोटही लावलं नाही. पण कुंकू पापुद्र्यांच्या आत जायचं तर त्या वेळी तिथं डोळ्याला न दिसणारी, केसासारखी फट असायला हवी आणि ते वाहून नेणारं काहीतरी ओलं हवं. टायरांच्या भिंतीपाशी कुंकू नव्हतं आणि पाणीही नव्हतं. म्हणजे दांडा रविवारी तुटला असला तरी आतून तो खंडेनवमीलाच सुटला होता.

इथवर आले आणि अडले. जागेवर बसवेना. खिडकी उघडली, लावली. शेजारच्या फाउंड्रीत ठोके सुरू झाले. मुंग्यांचं अजून काहीच कळत नव्हतं. घरी फोन करावा म्हणून पर्समध्ये हात घातला, आणि बोटाला चावा बसला.

खिडकीच्या चौकटीवरून बारीक तांबडी ओळ टेबलाच्या पायाशी आली होती. तिथं तिचे दोन फाटे झाले होते. एक वर नळीच्या तुकड्यात जात होता, दुसरा माझ्या पर्समध्ये, कागदात गुंडाळलेल्या वडीपाशी.

मी खुर्चीवर बसले आणि पहिल्यापासून मांडणी केली.

नारळाचं पाणी गोड असतं. दांडा गाडीत किंचित उजवीकडे कलता बसतो. त्यावर नारळ फुटला तर पाणी फटीतून आत जाईल, कुंकू बरोबर नेईल, आणि नळीच्या उजव्या अंगाला साचून वाळेल. मुंग्या उजव्याच तुकड्यात होत्या.

जुन्या दांड्यावरही तीच जागा झिजली होती. कठीण, पण पोलादापेक्षा मऊ: करवंटी. आणि ती एकदा नाही, पुष्कळदा आपटलेली.

मालकांचा नारळ दारातल्या दगडावर फुटला आणि तेवीस जणांत संपला. त्यातून ताटलीभर वड्या होत नाहीत. मग 'गाडीच्या नारळाच्या' वड्या कुठल्या नारळाच्या?

आणखी कुणी नारळ फोडला का, हे मी केरबाला विचारलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. त्यानं उलटा प्रश्न केला होता. त्या वेळी मीही मनात फक्त पुरुष मोजले होते. आपल्याकडे बाई नारळ फोडत नाही. नवरा गेलेल्या बाईच्या हातात तर पूजेच्या वेळी कुणी तो देतही नाही.

६

शनिवारी सकाळी मी दांड्याचे तुकडे घेऊन ताराबाई पार्कात गेले. हंबीरराव पेपर वाचत होते. आक्का भाजी निवडत होती.

"आक्का, खंडेनवमीला दांड्यावर नारळ तुम्ही फोडलात?"

हंबीररावांचा पेपर खाली आला. आक्कानं हातातली जुडी तशीच धरली.

"केरबानं सांगितलं?"

"नाही. मुंग्यांनी सांगितलं."

"काय बोलायलाय, मॅडम?" हंबीरराव म्हणाले. "आक्का कशाला नारळ फोडंल?"

"थांब, हंबीर." आक्का माझ्याकडेच बघत होती. "हे जायचे तवा दर शर्यतीआधी दांड्यावरच नारळ फोडायचे. दगडावर फोडला तर दगडाला पोचतो म्हनायचे, गाडीला द्यायचा तर गाडीच्या हाडावर फोडायचा. तू इसरलास. तुला दार नि दगड बरा वाटतो, लोकं बघत्यात. पूजेला मला बोलवत न्हाईस, ते बरोबरच हाय, रीत हाय. म्हणून सगळी गेल्यावर गेले. केरबा नको म्हनत हुता. मी म्हनलं, दार उघड. दांड्याला कुंकू लावलं नि नारळ आपटला."

"एका फटक्यात फुटला?" मी विचारलं.

"माझ्या हातात आता कुठला जोर? चार-पाचदा आपटावा लागला. केरबानं पुसून घेतलं. दांड्याला काय झालं नव्हतं, पोरी. मी हात फिरवून बघितला. नि पाटी हत्याराची हुती. नारळ काय हत्यार हाय?"

मी पर्समधून रुपया काढला. उजव्या तुकड्याच्या लांबच्या टोकापासून वाजवत आले. टण, टण, टण. तुटलेल्या टोकाशी पोचल्यावर आवाज बद्द झाला, ओल्या लाकडावर टिचकी मारल्यासारखा.

"पोलाद असतं तर काही झालं नसतं," मी म्हणाले. "हे पोलाद नाही. वरून कळत नाही."

आक्कानं हात पुढे केला. मी रुपया दिला. तिनं स्वतः वाजवून पाहिलं, चांगल्या जागी आणि मग त्या जागी. दोनदा. मग नाणं मांडीवर ठेवलं.

"म्हंजे यशराजला मी पाडलं."

आतल्या खोलीत टीव्ही बंद झाला.

हंबीरराव उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "मॅडम, असं करूया. कारण नक्की सांगता येत न्हाई, असं लिहा. प्रसेनजीतला मी परत बोलावतो. कुलूप काढतो. विषय संपला. म्हाताऱ्या मानसाचं नाव कागदावर कशाला?"

"नावं मी लिहीत नाही," मी म्हणाले. "मालात दोष नव्हता आणि तुटायच्या आधी दांड्यावर आघात झाला होता, एवढं लिहिणार. तेवढं लिहिणारच."

"आन् आघात कुनी केला, असं शेडमधल्या पोरांनी इचारलं तर?" आक्का म्हणाली. "तू पुन्हा गप बसनार, हंबीर. पोरं पुन्हा त्या बायडाबाईच्या लेकाचं नाव घेनार. चप्पल कुठं हाय माझी?"

"आक्का, बस जरा."

"गाडी काढ."

प्रसेनजीतला मी फोन केला. तो वडगावहून शिरोलीत पोचेपर्यंत आम्हीही पोचलो होतो. जेवणाची सुटी होती. माणसं डबे उघडून बसली होती. आक्का दारातल्या दगडापाशी उभी राहिली. तिला त्या दारात असं कुणी पाहिलं नव्हतं. डबे आपोआप बंद झाले.

"खंडेनवमीला गाडीच्या दांड्यावर मी नारळ फोडला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्यानं दांडा आतनं फुटला. ह्या मॅडमनी तपासलंय. प्रसेनजीतची चूक न्हाई. त्यो हितं असता तर मला हात लावू दिला नसता. त्यो नव्हता म्हणून पाप लागलं, असं जे जे बोललं असंल, त्येनं आता माझ्याकडं बघून बोला."

केरबा पुढे आला. "मी दार उघडलं. मी पुसलं. मुंग्या बघितल्या तवाच मला वास आला हुता." तो प्रसेनजीतकडे वळला. "आक्काचं नाव कसं घ्यायचं, म्हणून तुझं घेऊ दिलं. पोलाद ते पोलाद म्हनत बसलो."

प्रसेनजीतनं आक्कासाठी खुर्ची ओढली.

आत ऑफिसात हंबीररावांनी खणातून नवीन किल्ली काढून टेबलावर ठेवली. "तुझी खोली. भागीदारीचंबी बघू आता. दिवाळी होऊ दे."

प्रसेनजीतनं किल्ली उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि हातातच धरली. खिशात टाकली नाही.

"नवा दांडा किती दिवसांत हुईल?" हंबीररावांनी विचारलं.

"शर्यतीआधी होईल. यशराज नाही, तर जो बसेल त्याच्यासाठी. तो मी देणार."

"झालं तर मग."

त्याचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं. या वेळी तो बंद केला नाही. होसूरचे साहेब मराठीच होते. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता. काय ठरलं, म्हणून विचारत होते.

"ठरलं, साहेब," प्रसेनजीत म्हणाला. "मी होसूरला येत नाही. तुम्ही इतके दिवस थांबलात, त्याबद्दल आभारी आहे."

हंबीररावांनी मोठा श्वास सोडला आणि चहा सांगायला बेलकडे हात नेला. केरबाच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं.

प्रसेनजीतनं फोन खिशात ठेवला. मग किल्ली टेबलावर, हंबीररावांच्या बाजूला, सरळ करून ठेवली.

"आणि साहेब, मी इथंही थांबत नाही. दांडा देतो आणि वडगावात माझं स्वतःचं सुरू करतो."